टक् झालं की हात थांबतो

पहिला 'टक्' ऐकला तेव्हा मला वाटलं, झाकणाची क्लिप निसटली असेल. इपॉक्सीचा, म्हणजे ओतून कडक होणाऱ्या राळेचा, ठोकळा आम्ही द्रव नायट्रोजनमध्ये उतरवत होतो. तो निम्मा बुडाला होता, वर पांढरं धुकं आणि खाली उकळण्याची सततची खळखळ. त्या खळखळीतून एक बारीक, कोरडा आवाज आला, पेन्सिलीचं टोक मोडावं तसा. शेजारी उभ्या असलेल्या तंत्रज्ञ काकांनी हात वर केला.

"थांबा मॅडम. गेला तो."

"काय गेलं?"

"नमुना. तडा गेला त्याला."

ठोकळा बाहेर काढून कोरड्या डब्यात ठेवला आणि पूर्ण ऊबदार होईपर्यंत वाट पाहिली. मग पाहिलं, तर आत बसवलेल्या तांब्याच्या पट्टीच्या कोपऱ्यातून निघून बाहेरच्या कडेपर्यंत गेलेली एक चकाकती रेघ होती. उजेडात तिरकं धरलं की दिसायची, सरळ धरलं की नाहीशी व्हायची. त्या ठोकळ्यावर आम्ही अजून एक व्होल्टही लावला नव्हता.

मी त्या प्रयोगशाळेत गेले होते ती अतिथंड तापमानात पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंचे प्लास्टिकसारखे पदार्थ, वीज कितपत रोखतात हे मोजायला. विषय ऐकायला आडवळणाचा वाटतो, पण त्याची गरज अगदी सरळ आहे. १९११ साली कामर्लिंग ओनेस यांना पारा द्रव हेलियमच्या तापमानात अतिवाहक होतो, म्हणजे विजेला अजिबात रोध करत नाही, असं दिसलं आणि तेव्हापासून विजेची काही महत्त्वाची यंत्रं थंडीतच राहायला गेली. १९८६ मध्ये बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांनी सिरॅमिक अतिवाहक शोधले, पुढच्याच वर्षी ७७ केल्विनच्या (उणे १९६ अंश सेल्सिअसच्या) वर, म्हणजे द्रव नायट्रोजनमध्येच काम भागेल असा पदार्थ हाती आला. तार अतिवाहक असली तरी तिच्याभोवती विद्युतरोधक लागतोच. लार्ज हॅड्रॉन कोलायडर या महाकाय कणत्वरकातले १२३२ मुख्य द्विध्रुव चुंबक १.९ केल्विनला चालतात आणि त्यांच्या केबलींभोवती गुंडाळलेली असते ती पॉलिइमाइड नावाच्या पॉलिमरची पट्टी. तारेविषयी भरभरून लिहिलं जातं, त्या पट्टीविषयी फारसं कोणी बोलत नाही. मला त्या पट्टीबद्दलच कुतूहल होतं.

वाचून जे हाती आलं होतं ते आशादायक होतं. तापमान खाली गेलं की पॉलिमर विजेच्या दृष्टीने सुधारतात. आतले विद्युतभारवाहक एका खोबणीतून दुसऱ्या खोबणीत उडी मारतात ती उष्णतेच्या जोरावर. तो जोर काढून घेतला की गळती इतकी कमी होते की मोजायची कशाने हाच प्रश्न पडतो. साखळ्यांचे छोटे तुकडे, बाजूचे गट, जे एरवी प्रत्यावर्ती (एसी) विद्युतक्षेत्राबरोबर डुलतात आणि ऊर्जा खातात, ते एकेक करून गोठतात. पॉलिएथिलीन आणि टेफ्लॉनसारख्या अध्रुवी पदार्थांत तर द्रव हेलियमच्या तापमानाला ऱ्हास-गुणांक, ज्याला टॅन डेल्टा म्हणतात, तो एक लाखात एक इतका खाली येतो. ब्रेकडाउनच्या, म्हणजे वीज पदार्थ फोडून आरपार जाण्याच्या, वाटाही बंद होत जातात. गळतीने तापायचं, तापल्याने गळती वाढायची, हे दुष्टचक्र थंडीत सुरूच होत नाही. १९५५ मध्ये स्टार्क आणि गार्टन यांनी दाखवलेली दुसरी वाट अशी की मऊ पॉलिमर दोन इलेक्ट्रोडच्या ओढीखाली चेपला जातो, पातळ होतो आणि मग फुटतो. थंडीत पदार्थ ताठर होतो, म्हणून तीही वाट मिटते. त्यामुळे तापमान उतरवत नेलं की ब्रेकडाउनची ताकद वाढते आणि एका पातळीला येऊन जवळपास स्थिर होते.

हे सगळं खरंच आहे. मला ते पुढे मोजूनही मिळालं. पण तिथपर्यंत पोचायला मला कित्येक महिने लागले, कारण अतिथंडीत पॉलिमर हरतो तो बहुतेक वेळा विजेपुढे नाहीच.

सुरुवात पातळ फिल्मपासून केली. २५ मायक्रॉन जाडीची पॉलिइमाइड फिल्म, ती अंबर रंगाची, बोटात धरली की चुरचुरणारी. तुकडे कापायचे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, मग ओव्हनमध्ये वाळवायचे. पॉलिइमाइड पाणी शोषतो, आणि ते पाणी आत ठेवून थंड केलं तर आपण फिल्म मोजतोय की तिच्यातलं पाणी हे सांगता येत नाही. वाळलेल्या तुकड्यांवर दोन्ही बाजूंनी सोन्याचा पातळ गोल थर चढवायचा, म्हणजे इलेक्ट्रोड आणि फिल्म यांच्यात फट उरत नाही. मग साच्यात बसवून ड्यूअरमध्ये, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या थर्मासमध्ये, उतरवायचं आणि व्होल्टेज सेकंदाला ५०० व्होल्ट या ठरलेल्या वेगाने वाढवत न्यायचं. फिल्म फुटेपर्यंत.

उतरवण्याचा भाग मला सगळ्यात जास्त आवडायचा. गरम साचा द्रवात गेला की त्याच्याभोवती वाफेचं अस्तर तयार होतं आणि उकळणं आश्चर्य वाटेल इतकं शांत असतं. मिनिटं जातात. मग साचा पुरेसा थंड झाला की ते अस्तर एकाएकी कोसळतं, द्रव धातूला थेट भिडतो आणि भांडं जोरात उसळतं. आणि लगेच शांतता. प्लॅटिनमच्या संवेदकाचा रोध, जो शून्य अंशाला १०० ओहम असतो, तो २० ओहमच्या आसपास येऊन थांबलेला दिसायचा. काकांना मात्र आकडा बघावा लागत नसे. ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, "झालं, आता लावा."

पहिल्या खेपेचे आकडे आले आणि मी चक्रावले. काही तुकडे खोलीच्या तापमानापेक्षा चांगले, काही तितकेच, आणि काही चक्क वाईट. माझ्या मार्गदर्शक सरांना तक्ता दाखवला. ते म्हणाले, "सरासरी काढू नकोस. वायबुल मांड." वायबुल वितरण हे कमकुवत दुव्याचं गणित आहे: साखळी तुटते ती तिच्या सर्वांत अशक्त कडीपाशी. त्याच्या आलेखावर एकाच कारणाने फुटलेल्या नमुन्यांचे बिंदू साधारण एका सरळ रेषेत येतात, आणि ६३.२ टक्के नमुने ज्या व्होल्टेजपर्यंत फुटतात तो आकडा त्या संचाची ओळख मानतात. माझे बिंदू एका रेषेत नव्हते. मध्येच कोपर दुमडावं तशी रेष वाकली होती. म्हणजे दोन वेगळी कारणं होती.

मग प्रत्येक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली घातला. पॉलिइमाइड वितळत नाही, जळून कोळसा होतो, त्यामुळे ब्रेकडाउनचं भोक काळ्या किनारीचं, टाचणीच्या टोकाहून लहान दिसतं. वरच्या रेषेतल्या तुकड्यांची भोकं सोनेरी गोलाच्या आत कुठेतरी होती. खालच्या रेषेतली जवळजवळ सगळी गोलाच्या काठावर. ते पाहिल्यावर मला उमगलं की ते आकडे फिल्मचे नव्हतेच, काठावरच्या द्रवाचे होते. डायइलेक्ट्रिक स्थिरांक म्हणजे पदार्थ आपल्या आतलं विद्युतक्षेत्र किती पटीने कमी करतो तो आकडा; द्रव नायट्रोजनचा १.४३ च्या आसपास, फिल्मचा साडेतीनच्या आसपास, त्यामुळे जिथे दोन्ही शेजारी असतात तिथे क्षेत्राचा ताण द्रवावर जास्त पडतो. त्यात द्रव उकळत असतो. एक बुडबुडा काठावर येऊन बसला की त्या वायूत ठिणगी पडते आणि तिच्या टोकाशी फिल्म फुटते.

उपाय सोपे होते, पण वेळखाऊ. काठ गोलाकार धातूने झाकला. भांड्यावर दाबाचं झाकण बसवलं, कारण दाब वाढवला की बुडबुडे दबून जातात. आणि एकदा बाहेर काढलेला नमुना परत बुडवणं पूर्ण बंद केलं. आधी मी घाईत तसं करत असे. बाहेर काढताच हवेतली वाफ त्याच्यावर दहिवरासारखी जमते, आणि तसाच बुडवला की बर्फाचे कण इलेक्ट्रोडच्या कडेला अडकून राहतात. वाईट आकड्यांपैकी काही त्या बर्फाचेच होते. या तिन्ही गोष्टी सांभाळल्यावर बिंदू एका रेषेत आले आणि ती रेष खोलीच्या तापमानाच्या रेषेच्या उजवीकडे, म्हणजे अधिक ताकदीकडे सरकली. तो आलेख मी छापून टेबलावर चिकटवला होता.

मग एकदिश (डीसी) व्होल्टेजवरचं काम सुरू झालं, आणि इथे जे पाहिलं ते मला या सगळ्या काळातलं सर्वांत सुंदर वाटतं. पॉलिएथिलीनच्या फिल्मवर खोलीच्या तापमानालाच व्होल्टेज लावायचं, ते लावलेलं ठेवूनच थंड करायचं, ७७ केल्विनला पोचल्यावर काढून घ्यायचं आणि दोन्ही इलेक्ट्रोड इलेक्ट्रोमीटरमधून, म्हणजे अतिसूक्ष्म प्रवाह मोजणाऱ्या मीटरमधून, एकमेकांना जोडून द्यायचे. सुरुवातीची लहर ओसरली की मीटरवर काहीच दिसत नाही. भार निघून गेला असंच वाटतं. संध्याकाळी नायट्रोजन संपत आला होता, नवा ओतायचा नव्हता. मी निघताना अर्थिंगची काठी, नमुन्यातला भार जमिनीत उतरवणारी, काढून ठेवायला गेले.

"मॅडम, काठी तशीच राहू द्या."

"काका, मीटर शून्यावर आहे की."

"आत्ता आहे. ऊब येऊ द्या, मग बघा."

मी थांबले. तापमान मिनिटाला दोन-तीन अंशांनी चढत होतं. बराच वेळ रेघ सपाट होती. मग दीडशे केल्विनच्या आसपास, जिथे पॉलिएथिलीनच्या साखळ्यांचे छोटे तुकडे पुन्हा हलू लागतात, तिथे रेघ उचलली गेली, टेकडीसारखी चढली, उतरली. पुढे आणखी वर दुसरी टेकडी. दिवसभर गोठून बसलेला भार आता टप्प्याटप्प्याने सुटत होता. प्रत्येक टेकडी म्हणजे रेणूच्या एका विशिष्ट हालचालीला परत आलेला जीव. खोलीच्या तापमानाला विरून जाणारा भार ७७ केल्विनला जिथल्या तिथे अडकून राहतो, आणि जागा होतो तेव्हा त्याला वाट हवी असते. ती वाट काठीने दिली नाही, तर नमुना हातात घेणाऱ्याला तो देईल. काकांनी हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पण त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. त्या दिवसापासून नमुना पूर्ण ऊबदार होईपर्यंत काठी न काढण्याचा नियम मी स्वतः नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

फिल्मचा प्रश्न सुटला होता. ठोकळे मात्र फुटतच होते.

खरी यंत्रं नुसत्या फिल्मची नसतात. तारांच्या कुंडल्या, म्हणजे वेटोळी, भिजवायला, जोड झाकायला, तारा बाहेर काढायला इपॉक्सी लागतो, आणि त्यात धातू गाडलेला असतो. खोलीच्या तापमानापासून द्रव नायट्रोजनपर्यंत एक मीटर तांबं सुमारे ३ मिलिमीटर आखडतं. नुसता इपॉक्सी एक सेंटिमीटरच्या आसपास. टेफ्लॉन तर दोन सेंटिमीटरच्या घरात. तांब्याला कवेत घेतलेला इपॉक्सी आखडायला बघतो, तांबं त्याला आखडू देत नाही, आणि त्याच वेळी थंडीने त्याची ताणून घेण्याची तयारी संपलेली असते. ताण सगळा साठतो कोपऱ्यांवर. मग तो 'टक्'.

तडा गेला म्हणून लगेच वीज फुटत नाही, आणि धोका त्यातच आहे. भेगेत वायू किंवा द्रव शिरतो. वायूने भरलेल्या चपट्या भेगेत क्षेत्र भोवतालच्या घन पदार्थापेक्षा तितक्या पट वाढतं जितका त्या पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक असतो, म्हणजे तीन-चार पट. तिथे छोट्या छोट्या ठिणग्या, पार्शल डिस्चार्ज, सुरू होतात. प्रत्येक ठिणगी काही पिकोकूलोंबची. पडद्यावर त्या प्रत्यावर्ती लाटेच्या चढावर गवताच्या पात्यांसारख्या उगवतात. ठोकळा तास न् तास टिकतो, आणि आतून खरवडला जात राहतो. कोऱ्या इपॉक्सीची ब्रेकडाउन ताकद ७७ केल्विनला उत्तम आहे, हे वाक्य मीच माझ्या पहिल्या अहवालात लिहिलं होतं. त्या वाक्यात चूक नाही, पण त्याच्या भरवशावर कोणी कुंडली बांधली तर ती टिकणार नाही.

पुढचे तीन महिने मी विजेचं काम जवळपास केलंच नाही. तांब्याच्या पट्टीचे कोपरे कानशीने गोल केले. पृष्ठभाग वाळूच्या फवाऱ्याने खरखरीत केला, म्हणजे इपॉक्सी धरून राहील. इपॉक्सीत सिलिकाची भुकटी घातली, त्याने आखडणं कमी होतं. मिश्रण घट्ट होतं ही त्याची किंमत, आणि घट्ट मिश्रणातून हवा काढायला निर्वाताखाली जास्त वेळ ठेवावं लागतं. नाहीतर तडा टाळायला जाऊन बुडबुडा पदरात पडतो. जाड थर टाळले. काचेचं कापड घातलं, कारण त्याच्या विणीच्या दिशेने मिश्रणाचं आकुंचन तांब्याच्या जवळ येतं. आणि शेवटी पट्टीभोवती आधी पॉलिइमाइडची फिल्म गुंडाळली, तिच्यावर काच आणि इपॉक्सी. इपॉक्सीत भेग पडलीच, तरी ती फिल्मपाशी येऊन थांबते. मोठ्या चुंबकांत काच आणि पॉलिइमाइड एकाआड एक गुंडाळतात ते याचसाठी. आधी मला ती नुसती परंपरा वाटायची.

थंड करण्याची पद्धतही बदलली. पूर्वी ठोकळा थेट द्रवात जायचा. इपॉक्सीतून उष्णता फार सावकाश वाहते, त्यामुळे कातडी १०० केल्विनला आणि गाभा अजून कोमट अशी अवस्था येते. आखडलेली कातडी फुगलेल्या गाभ्यावर ताणली जाते. आता ठोकळा आधी द्रवाच्या वरच्या थंड वाफेत टांगायचा, तासभर, मग दोन बोटं खाली, पुन्हा वाट. त्या काळात मी ऐकत बसायचे. 'टक्' झालं की हात आपोआप थांबायचा.

हेलियमचं काम थोडंच झालं, कारण हेलियम महाग आणि अतिशय नाजूक. एक वॅट उष्णता आत झिरपली तर तासाला सुमारे १.४ लिटर द्रव हेलियम उडून जातं. नायट्रोजनचं तेवढ्याच उष्णतेला २०-२२ मिलिलिटर. आधी नायट्रोजनने भांडं थंड करायचं, मग त्याचा शेवटचा थेंबही काढून टाकायचा, कारण ६३ केल्विनला तो गोठतो आणि नळ्या बंद करतो. फिल्मचे आकडे ७७ आणि ४.२ केल्विनमध्ये फारसे हलले नाहीत. आकुंचनाचाही बहुतेक भाग ७७ पर्यंतच उरकलेला असतो, म्हणून जो ठोकळा नायट्रोजनमध्ये शाबूत राहतो तो सहसा हेलियममध्येही राहतो. ही दोन वाक्यं लिहायला सोपी आहेत, पण त्यांच्या मागे एक अख्खा दिवस वाया गेला तो सांगते.

त्या दिवशी व्होल्टेज अपेक्षेच्या निम्म्यावरही न जाता कोसळत होतं. नमुना बदलला तरी तेच. सगळं ऊबदार करून उघडलं तर नमुना निर्दोष, तारेवरची टेफ्लॉनची नळी जागच्या जागी. काकांनी नळी बोटाने मागे सरकवली, आणि तिच्याखाली झाकलेल्या तारेवर एक काळा डाग दिसला. झाकलेल्या तारेवर ठिणगी कशी पडेल? मग ते आकडे आठवले. मीटरभर टेफ्लॉन, वरच्या टोकाला घट्ट बांधलेलं. थंडीत ते वर आखडलं, खालची बोटाच्या पेराएवढी तार उघडी पडली, आणि ती नेमकी द्रवाच्या वर, हेलियमच्या वायूत होती. वायू किती व्होल्टेजला फुटतो हे त्याचा दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं हे पाशेन यांनी १८८९ मध्येच दाखवलं, आणि हेलियम त्यात हवेपेक्षा खूपच लेचापेचा. ऊब आली की नळी परत खाली सरकून पुरावा झाकून टाकत होती. आम्ही नळी वरून सैल आणि खालून पक्की केली, टोक कायम द्रवात राहील असं.

शेवटचा ठोकळा, फिल्म आणि काचेच्या कापडाचा, मी दहा वेळा नायट्रोजनमध्ये उतरवून परत वर काढला. प्रत्येक वेळी वाफेत तासभर, प्रत्येक वेळी कान लावून, आणि दर खेपेनंतर पूर्ण कोरडा आणि ऊबदार करून. दहाव्या खेपेला उकळणं उसळलं, निवलं आणि शांतता झाली. व्होल्टेज ठरलेल्या पातळीला नेऊन धरलं. पडद्यावर पार्शल डिस्चार्जची रेघ मीटरच्या स्वतःच्या गोंगाटाएवढीच. अर्धा तास तशीच. सर मागे येऊन उभे राहिले होते ते मला कळलंच नाही. काकांनी व्होल्टेज उतरवलं, ठोकळा वाफेत वर घेतला. त्याच्यावर पांढरं दहिवर धरत होतं. मी अर्थिंगची काठी लावली आणि सकाळपर्यंत तशीच ठेवली.